एबो गवंड्याची आडवी भिंत

समुद्रकाठच्या अपेवानो गावात एबो आर्कोफुल गवंड्याला लोक नावं ठेवायचे, पण काम कच्चं म्हणून नव्हे, फार पक्कं म्हणून. त्याने बांधलेली चूल जागची हलवायची म्हटलं तर घरातल्या बाप्यांना पहार घेऊन सकाळपासून घाम गाळावा लागे. मामे अराबाने (मामे म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात) एकदा नवी पडवी काढायची म्हणून एबोने बांधलेला जुना ओटा फोडायला घेतला. ओटा राहिला, पहार वाकली, आणि शेवटी पडवीच ओट्याला वळसा घालून बांधावी लागली. अजून आहे तशी. येणारा-जाणारा अडखळतो आणि एबोचं नाव घेतो.

याला कारण त्याचा चुना. खाडीतून बायका टोपल्या भरभरून कालवं काढायच्या. मांस त्यांचं, शिंपले एबोचे, असा जुना करार. ते शिंपले तो माडाच्या झावळ्यांत रचून स्वतः भाजायचा, स्वतः विझवायचा, आणि मळताना दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. मळून झाल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवून चव बघायचा. बायको होती तेव्हा ती म्हणायची, "माझ्या कालवणाची कधी एवढ्या प्रेमाने चव बघितली नाही याने."

किल्ला मात्र एबोच्या, त्याच्या आजाच्या आणि त्या आजाच्याही आजाच्या आधीचा. पहिल्यांदा डच आले ते सोन्यासाठी. पुढे सोन्यापेक्षा माणसांना भाव आला, तेव्हा खालची कोठारं माणसांनी भरू लागली. त्यांच्याबद्दल आमच्याकडे मोठ्याने बोलत नाहीत. किल्ल्याखालून जाताना म्हाताऱ्या बाया अजून घोटभर पाणी जमिनीवर सांडून पुढे जातात. मग इंग्रज आले. त्यांनी तोफांना काळा रंग दिला आणि वरच्या मजल्यावर पोस्ट उघडलं. पोस्टमास्तरांच्या शेळ्या तोफांवर चढून समुद्राकडे तोंड करून रवंथ करायच्या, आणि दुरून जाणाऱ्या आगबोटीवरचे लोक म्हणे दुर्बिणीतून बघून टोपी काढायचे. पोस्ट गेलं, दवाखाना आला. दवाखाना गेला, वटवाघळं आली. आणि स्वातंत्र्य तीन-चार वर्षांवर येऊन ठेपलं असताना सरकारच्या मनात आलं की, इतक्या जाड भिंती फुकट का घालवा? इथे तुरुंग करू.

ते काम एबोकडे आलं. तेव्हा तो ऐन उमेदीत होता. देखरेखीला एक गोरा साहेब होता, तापाने पिवळा पडलेला. समुद्राकडच्या मोठमोठ्या खिडक्या एबोने बुजवल्या आणि प्रत्येकीत हात जाईल एवढी उभी फट तेवढी ठेवली. राहता राहिला मोठा दरवाजा. तो एवढा प्रशस्त की एके काळी त्यातून तोफगाडे जात. साहेब म्हणाला, दार कितीही लहान केलं तरी माणूस एका दमात धावत सुटेलच. तेव्हा एबो आपण होऊन पुढे झाला.

"साहेब, एक नाही, दोन दारं करू. एक बाहेर, एक आत, पण समोरासमोर नाही. मधे माझी एक आडवी भिंत. आत येणारा बाहेरच्या दारातून शिरला की भिंतीवर आदळणार, वळणार, बोळातून चालणार, परत वळणार, तेव्हा आतलं दार. आणि दोन्ही दारं अशी ठेंगणी करतो, की लाटसाहेब आले तरी मान वाकवूनच आत जातील."

साहेबाला कल्पना इतकी आवडली की त्याने आपली जुनी टोपी एबोच्या डोक्यावर ठेवली. ती टोपी घालून एबो कितीतरी रविवार चर्चला गेला. कोणी विचारो न विचारो, आडव्या भिंतीची गोष्ट तो सांगायचाच.

पुढे तुरुंगात गोरे बसले नाहीत, शेजारपाजारचेच बसले. कोणाचा भाऊ, कोणाचा जावई. त्यांच्या बायका भेटीच्या दिवशी डोक्यावर डबे घेऊन येत आणि त्या ठेंगण्या दारात कपाळ आपटून घेत. मामे अराबा दाराबाहेर केंकी विकायची. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केळीच्या पानात बांधलेले तिचे गरम उंडे खाल्ल्याशिवाय शिपायांचा दिवस उगवत नसे. ती एबोला बघितलं की ओरडायची, "आलास का रे खिडक्या खाणाऱ्या? आतल्यांना समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही. वारासुद्धा तुझी परवानगी काढून आत जातो!"

एबो हसून सोडून द्यायचा. टोपी मात्र त्याने हळूहळू घालायची सोडली.

पण एबोच्या छातीवर जो धोंडा बसला तो खिडक्यांचा नव्हता. त्याची गोष्ट त्याच्या भाच्यापासून सुरू होते.

आमच्याकडे घर, जमीन, नाव जातं ते बहिणीच्या मुलाकडे. एबोच्या बहिणीचा, एकुआचा, मुलगा फीफी. सुताराचं काम करायचा. म्हणजे एबोच्या मागे सगळं फीफीचं. पण असाफो तुकडी मिळते ती बापाकडून. एबो पहिल्या तुकडीचा. फीफीचा बाप एग्या बाइडू दुसऱ्या तुकडीचा, म्हणून फीफीही दुसऱ्या तुकडीचा. पूर्वी या तुकड्या लढायला जात. आता लढाई नाही, तेव्हा सणाच्या दिवशी आपापली निशाणं नाचवत एकमेकींना डिवचतात. म्हणजे वर्षभर मामा-भाचे एका ताटात जेवणार आणि सणाला एकमेकांच्या तुकडीच्या नावाने शंख करणार. यात आम्हाला काही वावगं वाटत नाही.

प्रत्येक तुकडीचा एक चौथरा असतो, रंगीत सिमेंटच्या आकृत्यांनी नटवलेला. दुसऱ्या तुकडीचं चिन्ह कोंबडा. एका वर्षी पहिल्या तुकडीचा म्होरक्या, सगळे त्याला सुपी म्हणायचे, एबोला म्हणाला, "एबो, आपल्या चौथऱ्यावर असं काहीतरी कर की त्यांना वर्षभर जेवण जाऊ नये."

एबोने रानमांजर केलं. बैलाएवढं, पाठ फुगवलेलं, आणि जबड्यात उलटा लोंबणारा कोंबडा. कोंबड्याचे डोळे तर असे केले होते की पाहणाऱ्याला त्याची दया यावी आणि लगेच हसू यावं. एबोच्या हातून त्याहून देखणी गोष्ट घडली नाही.

आता नियम असा, की तुकडीने नवीन निशाण काढलं किंवा नवी आकृती केली, तर ती आधी गावच्या राजाला, म्हणजे नानांना, दाखवायची. नाना हो म्हणाले तरच ती उघडी करायची. उघडपणे खोड काढणारी असेल तर नाना ती मोडायला लावत. या नियमानेच गावात डोकी शाबूत राहिली होती. एबोने मांजर गोणपाटाने झाकून ठेवलं होतं. आज दाखवू, उद्या दाखवू, करता करता सण आला. सुपी म्हणाला, "आता कसलं दाखवतोस? सणानंतर दाखवू." एबोलाही मनातून भीती होती की नाना नको म्हणतील. त्याने गोणपाट ओढलं.

पुढचं सगळं एका क्षणात झालं. दुसरी तुकडी नाचत आली, तिने आपला कोंबडा मांजराच्या तोंडात बघितला, आणि ढोल थांबले. फीफीच्या हातात त्याची लाकडी मोगरी होती. तो चौथऱ्यावर चढला आणि मांजराच्या सिमेंटच्या मानेवर, एबोच्या चुन्याचं काम नव्हे ते, त्याने अशी मोगरी घातली की मुंडकं कोंबड्यासकट निखळलं. खाली पहिल्या तुकडीचा ढोलकरी उभा होता. मुंडकं त्याच्या पायावर पडलं. बिचाऱ्याची बोटं गेली; तो पुन्हा मिरवणुकीत चालला नाही.

खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटसाहेबांना एकच गोष्ट हवी होती: आकृती नानांना दाखवली होती की नव्हती? नसेल, तर कळ पहिल्या तुकडीने काढली, आणि फीफी दंडावर सुटतो. असेल, तर फीफीने नानांच्या शब्दावर हात उचलला. खुद्द नानांना विचारून उपयोग नव्हता; ते इतके थकले होते की सकाळी काय खाल्लं तेही त्यांना सांगता येत नसे, काहीही विचारलं की ते गोड हसून मान डोलवायचे. तेव्हा साक्षीला एबोला उभं केलं. मागे बाकावर सुपी आणि अख्खी पहिली तुकडी बसली होती. आदल्या दिवशी सगळ्यांनी ढोलावर हात ठेवून ठरवलं होतं, तुकडीचं नाक कापू द्यायचं नाही.

"दाखवली होती," एबो म्हणाला.

फीफीला तीन वर्षांची शिक्षा झाली. शिपाई त्याला बाहेर नेत असताना तो एबोपाशी थांबला. एबोला वाटलं, आता हा थुंकणार. फीफीने मान खाली घातली.

"मामा, माफ कर. नानांनी बघितलंय हे मला ठाऊक असतं, तर मी हात लावला नसता. तू केलेली वस्तू मी मोडली."

 पोराने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं एबोला त्या दिवसापासून रोज वाटत राहिलं.

भेटीच्या दिवशी तो फीफीला केंकी आणि तळलेली मासळी घेऊन जायचा. स्वतःच्या ठेंगण्या दारातून मान वाकवून शिरायचा, स्वतःच्या आडव्या भिंतीला वळसा घालायचा. फीफी चेष्टा करायचा, "मामा, तुझ्या भिंतीला नखाएवढी भेग नाही. मी रोज शोधतो. निदान आपल्या माणसासाठी तरी एक विसरून ठेवायचीस!" शिपाईसुद्धा हसायचे. एबो हसायचा आणि त्या दिवशी घरी त्याला जेवण जायचं नाही. सांगायचं म्हणून किती वेळा तोंड उघडलं, आणि मग, "तिखट पुरेसं आहे ना रे?" असं काहीतरी विचारून मिटलं. बाहेर आल्यावर मामे अराबा म्हणायची, "काय रे, आत जाताना तरणा असतोस, बाहेर येताना म्हातारा. भाचा कैदी आहे की तू?"

शिक्षेचं दुसरं वर्ष सरत आलं असताना एग्या बाइडू गेला. होडीवरचा जुना तांडेल, उभा राहिला तर माडाला टेकू वाटावा असा उंच. सकाळी जाळं दुरुस्त करता करता आडवा झाला तो झालाच. एकुआने टाहो फोडला, बायका जमल्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आला: पेटी कोण देणार?

कारण बापाची पेटी मुलांनी द्यायची असते. पुरायचं काम त्याच्या आईच्या कुळाचं, रडायचं गावाचं, पण पेटी मुलांची. ज्याला मुलाची पेटी नाही तो उसन्या पेटीत गेला, असं म्हणतात, आणि ते त्याच्या नातवंडांनाही ऐकवतात. बाइडूला फीफी एकटाच.

एबो उठला आणि थेट तुरुंगाच्या मोठ्या साहेबांकडे गेला. अग्बेको साहेब व्होल्टा नदीपलीकडचे, कडक पण मनाने सरळ. एबोने हात जोडले. "साहेब, फीफी सुतार आहे. तुमच्या कारखान्यात शाळेची बाकं करतो. त्याला बापाची पेटी करू द्या. फळ्या मी आणतो."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "बापाला पेटी द्यायची असते हे मला तुम्ही शिकवू नका," ते म्हणाले. "माझा बाप गेला तेव्हा मी दूर होतो. करू दे त्याला. शनिवारी सकाळी घेऊन जा."

कारखाना म्हणजे समुद्राकडची जुनी तोफांची खोली. बाकांच्या फळ्या नेहमी जायच्या तशाच, एबोने ठेवलेल्या त्या उभ्या फटीतून, या फळ्याही बाहेरून एकेक करून आत सरकवल्या. एबोने स्वतः खांद्यावरून वाहून आणल्या. आपल्या भिंतीचा विचार त्याने केला नव्हता असं नाही. दोरी घेऊन त्याने बोळाचं वळण मापलं, बाइडूची उंची आठवली, आणि ठरवलं की तिरकी करून, थोडी खरचटून, पेटी निघेल. त्याला हायसं वाटलं. निदान एवढं तरी पोरासाठी आपल्या हातून धड होतंय, असं त्याच्या मनात आलं, आणि असं आल्याचीही त्याला लाज वाटली.

शनिवारी सगळं गाव किल्ल्यासमोर. काळे-तांबडे कपडे, दुसऱ्या तुकडीचे ढोल, एकुआ दोन बायांच्या आधाराने उभी. तिकडे घरी बाइडू न्हाऊन-माखून पांढऱ्या कापडात थांबलेला. आतून चार कैदी पेटी घेऊन आले, आणि बोळात खट्ट असा आवाज झाला. मग परत खट्ट. मग शिपायाचा आवाज, "मागे घ्या, मागे!"

एबो वाकून आत गेला. बोळाच्या वळणात पेटी अडकली होती. सुंदर केली होती. एका बाजूला होडीच्या टोकासारखा उंचावलेला बाक, कडेला लाटा कोरलेल्या. पण एबोच्या दोरीपेक्षा चांगली हातभर लांब.

"एवढी लांब कशाला केलीस रे?" तो पलीकडून ओरडला.

"वल्हं, मामा!" आतून फीफी म्हणाला. "बाबांचं वल्हं त्यांच्याबरोबर जायचं ना?"

दुसऱ्या तुकडीत तांडेलाचं वल्हं त्याच्याबरोबर पुरतात. पहिल्या तुकडीत ते मोडून समुद्रात सोडतात. बहिणीच्या घरी चाळीस वर्षं जेवलेल्या एबोच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग प्रत्येकजण शहाणा झाला. एकजण म्हणाला, पेटी सुटी करा. फीफीने सांधे सरसाने आणि खाचेत खाच बसवून केले होते, शिवाय म्हाताऱ्या बाया कडाडल्या, "एकदा केलेली पेटी उसवली तर ती दुसरं माणूस मागते. कोणाचं देतोस? तुझं?" दुसरा म्हणाला, वरून दोर लावून भिंतीबाहेर सोडा. अग्बेको साहेबांनी मान हलवली, तुरुंगाच्या भिंतीवरून दोर सोडायचा नाही हा पहिला नियम. आणि एकुआ तर उसळलीच. "माझा नवरा चोर होता का? त्याचं घर भिंतीवरून उतरवता? दारातून आणा, नाहीतर आणूच नका!"

कोणीतरी हळूच म्हणालं, चर्चमध्ये एक तयार पेटी आहे, उसनी घ्यावी. ते आत फीफीपर्यंत गेलं असावं.  'उसनी' हा शब्द ऐकताच एबो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, भिंत फोडू द्या. आडवी. दोन्ही दारांवर शिपाई ठेवा. मी बांधली, मी फोडतो, आणि सोमवारपर्यंत मीच परत बांधून देतो."

साहेबांनी एकवार एकुआकडे पाहिलं. "बाहेरून तुम्ही. आतून एकच माणूस. तोच, ज्याचा बाप आहे."

बाहेरून एबो छिन्नी-हातोडा घेऊन लागला, आतून फीफी पहार घेऊन. तुरुंगाची भिंत कैदी फोडतोय आणि शिपाई त्याला सांगतोय, "इथे मार, इथे जरा सैल आहे," असं दृश्य त्या किल्ल्याने कधी पाहिलं नसेल. पण सैल कुठेच नव्हतं. ठिणग्या उडत, भुकटी उडे, दगड जागचा हलत नसे. ऊन वर चढत होतं, आणि घरी बाइडू उन्हाला काय सांगणार?

"मार की रे!" बाहेरून मामे अराबा ओरडली. "चव बघून बघून मळला होतास ना? आता खा!"

लोक हसले. एबोच्या हाताला फोड आले, फुटले, हातोड्याचा दांडा ओला झाला. इतकं पक्कं का बांधलं? कोणासाठी? प्रत्येक घावागणिक त्याला तेच ऐकू येत होतं. शेवटी एक दगड कुरकुरला, आत पडला, आणि त्या भोकात घामाने, चुन्याने पांढरा झालेला फीफीचा चेहरा दिसला. तो हसत होता.

"निघाला बघ, मामा! मी नसतो तर तुला जमलं नसतं."

ते हसणं एबोला सोसलं नाही.

"फीफी, मी ते मांजर नानांना दाखवलं नव्हतं."

पहार थांबली. पलीकडच्या शिपायाला काही कळलं नाही, तो म्हणाला, "कसलं मांजर?"

"कोर्टात मी खोटं बोललो. गोणपाट मीच ओढलं. कोणालाच दाखवलं नव्हतं."

फीफीचं हसू हळूहळू पुसलं गेलं, जसा ओल्या गिलाव्यावरचा ठसा थापीखाली जातो. त्याने पहार उचलली. मग म्हणाला, "दगड बाजूला घे. बाबा थांबलेत."

आणि पुन्हा पहार मारू लागला. आता ती अशी बसत होती की एबोला दोनदा मागे सरावं लागलं.

भिंत कमरेपर्यंत उतरली तेव्हा पेटी तिच्यावरून सरळ बाहेर आली. साहेबांनी फीफीला बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं. रीतीप्रमाणे त्याने पेटीवर हात ठेवला, जमिनीवर थेंबभर दारू सांडली आणि आईला म्हणाला, "आई, बाबांचं घर. मुलाने दिलंय." एकुआने पेटीला मिठी मारली. सगळे तिच्याकडे बघत असताना फीफी मामाकडे न बघता, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मी आतच आहे. ज्यांच्यासमोर शपथ घेतलीस, त्यांच्यासमोर सांग."

बाइडूला माती दिली. वल्हं त्याच्या शेजारी. नंतर मांडवात दोन्ही तुकड्या समोरासमोर बसल्या, मधे नवे नाना (जुने मधल्या काळात वारले होते), आणि प्रथेप्रमाणे एकेकजण उठून मेलेल्याबद्दल चांगलं बोलू लागला. एबोची पाळी आली. त्याचे कपडे अजून चुन्याने पांढरे होते. तो म्हणाला, "माझे दाजी भले माणूस होते. त्यांचा मुलगा आत आहे तो माझ्या शब्दामुळे." आणि सगळं सांगितलं. गोणपाट, ढोलावरचे हात, साक्ष.

सुपी ताडकन उठला. "उन्हात भिंत फोडून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय! पाणी मारा कोणीतरी!"

पहिल्या तुकडीचे थोडे हसले. "पाणी नको," एबो म्हणाला. "डोकं फिरलं असतं तर ही दोन वर्षं मी झोपलो नसतो का?"

मग कोणी हसलं नाही. नानांनी मान खाली घातली. पहिल्या तुकडीने त्याच बैठकीत एबोला तुकडीबाहेर काढलं. आणि एकुआ, जिच्या पाठीवर एबो लहानपणी बांधलेला असायचा, ती उठून त्याच्यापाशी आली, त्याच्या हातातला पाण्याचा पेला तिने हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "आज माझ्या घरचं पाणी पिऊ नकोस."

सोमवारपर्यंत एबोने भिंत परत बांधली. शब्द दिला होता. अग्बेको साहेब मागे उभे राहून म्हणाले, "या वेळी चुना जरा कमी घातलात तरी चालेल." पण हाताला दुसरं येतच नव्हतं.

नानांनी मांजराचं धड मोडायला लावलं, दोन्ही तुकड्यांकडून मेंढरू घेतलं. मॅजिस्ट्रेटकडे एबो स्वतः गेला. जुने बदलून गेले होते. नव्यांनी ऐकलं, लिहून घेतलं, राजधानीला, अक्राला पाठवलं. तिकडून एवढंच आलं, की ढोलकऱ्याची बोटं तर गेलीच आहेत, तेव्हा शिक्षा आहे तशी राहील. आणि साक्षीदाराचं वय बघून त्याच्यावर खटला भरू नये. एबो तिथल्या बाकावर बसून राहिला. शिपायाने विचारलं, आता काय हवंय? तो म्हणाला, "मला काहीतरी शिक्षा द्या की."

भेटीच्या दिवशी तो जातच राहिला. एकुआ त्याच्या हाती डबा देईना, म्हणून कालवणही तोच करू लागला. लाल पामतेलात मासळी टाकायची, टोमॅटो, मिरची. जन्मात चूल बांधली होती, पेटवली कधी नव्हती. फीफी यायचा, समोर बसायचा, खायचा, डबा परत सरकवायचा आणि उठून जायचा. एक शब्द नाही. एबो बोलायचा: हाती घेतलेल्या नव्या घराचं, खाडीतल्या कालवांचं, मामे अराबाच्या पडवीत पाद्री कसा तोंडावर पडला त्याचं. फीफी भिंतीकडे बघत घास गिळायचा. असे महिनेच्या महिने गेले.

सुटकेला थोडे दिवस उरले असतील. एबो नेहमीसारखा समोर बसला होता. फीफीने एक घास घेतला, चावला, थांबला, आणि तोंड वाकडं केलं.

"हे कोण करतं?"

एबो दचकला. "मीच."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"खारट असतं. दर वेळी. माणसाने खायचं की मासळी सुकवायची?" फीफीने डबा पुढे ढकलला. मग परत ओढून घेतला, उरलेलं संपवलं, आणि न बघता म्हणाला, "पुढच्या खेपेला मीठ अर्धं टाक."

एबो बाहेर आला तो मान वाकवायला विसरून, कपाळ दारावर आपटून. मामे अराबाने केंकीचा उंडा पानासकट खाली ठेवला. "काय झालं? रडतोयस का रे?"

"शिव्या घातल्या," एबो म्हणाला. "मला त्याने शिव्या घातल्या." बाजारात, चर्चच्या पायरीवर, खाडीवर, ज्याला-त्याला तो तेच सांगत सुटला. एकुआच्या दारात जाऊनही सांगितलं. तिने त्याला आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही.

साक्षीबद्दल फीफी त्या दिवशी बोलला नाही. पुढेही कधी बोलला नाही. आणि एबो जगला तितकी वर्षं, घास तोंडाशी नेताना, तो कधी बोलेल याची वाट बघत राहिला.